कुलपांच्या कारखान्यातली एकच कडी

आमच्या कंपनीत गाडीच्या दारांची कुलपं बनतात. दार लोटलं की जो 'खट्' असा आवाज येतो ना, तो आमचा. परदेशातल्या कितीतरी गाड्यांची दारं चाकणच्या कुलपांच्या भरवशावर बंद होतात आणि त्यांच्या मालकांना याचा पत्ताही नसतो. तर अशा या कंपनीत एका सकाळी मी कामाला गेले आणि बघते तर एकाही खोलीला दार नाही.

साहेबांच्या केबिनचं दार उखडून भिंतीला टेकवून ठेवलेलं. मीटिंगच्या खोलीच्या काचा उतरवलेल्या. माझ्या प्लॅनिंग विभागाची एक अख्खी भिंत गायब, आणि तिच्या जागी मनीप्लँटची कुंडी. पुनावळ्याहून निघून कंटेनरांच्या मागे सरकत सरकत चाकण गाठेपर्यंत माझं डोकं तापलेलंच असतं, त्यात हे. "कुणी केलं हे?" मी ओरडलेच. धुळीतून साहेब बाहेर आले. बाह्या सरसावलेल्या, चेहरा खुललेला. "मीच केलं," ते म्हणाले. "आता आपल्यामध्ये काहीच आड येणार नाही."

साहेब म्हणजे आमचे प्लांट हेड. माझ्याहून वयानं लहान, चिंचवडात वाढलेले, शिक्षकाचा मुलगा, हुशार आणि मनानं अगदी स्वच्छ माणूस. ते नुकतेच युरोपातल्या मुख्यालयात नेतृत्वाचं प्रशिक्षण घेऊन आले होते. तिकडे म्हणे सगळ्यात वरचे लोकही सगळ्यांच्यात टेबल टाकून बसतात आणि शिपायापासून मालकापर्यंत सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात. आमच्याकडची माणसं तिकडून येताना चॉकलेटं आणतात. ह्यांनी हे आणलं.

पहिला फतवा निघाला तो हाक मारण्याचा. यापुढे 'साहेब' नाही, 'सर' नाही, ज्याला त्याला नावानंच हाक मारायची. सुरुवात त्यांनी माझ्यापासून केली. मी पन्नाशी ओलांडलेली बाई. माझ्या नवऱ्याला चारचौघांत मला नुसत्या नावानं हाक मारायला कित्येक वर्षं लागली, आणि ह्यांनी शॉप फ्लोअरच्या या टोकावरून त्या टोकाला माझं नाव असं फेकलं की चालती फोर्कलिफ्ट थांबली. मी गेले, ऐकलं, आले. पण दिवसभर कुणाशी धड बोलले नाही.

खरी पंचाईत झाली ती लाइनवरच्या माणसांची. ज्यांच्या वावरात आमची कंपनी उभी आहे त्या जुन्या घरांतली पुष्कळ माणसं आमच्याकडे कामाला आहेत. साहेबाला साहेब म्हणायची बंदी, आणि नाव घ्यायला जीभ वळेना. मग हाक मारायची कशी? ज्या माणसाचं नाव घेता येत नाही त्याला बोलवायची सोय आपल्याकडच्या बायकांनी पूर्वीच करून ठेवलेली आहे. महिन्याच्या आत अख्खा कारखाना साहेबांना 'अहो' म्हणू लागला. "अहो, प्रेस बंद पडलीय." "अहो, ऐकलं का, ट्रक आला." पिळदार मिशांचे गडी बिनदिक्कत म्हणायचे आणि साहेब प्रत्येक 'अहो'ला वळून बघायचे. कंपनीच्या कौटुंबिक मेळाव्याला साहेबांची बायको आली होती. चहूकडून 'अहो, अहो' ऐकून ती माझ्या कानाशी लागली, "ताई, यांनी इथे किती संसार मांडलेत?"

दुसरा फतवा फळ्याचा. रोज सकाळी सगळ्यांनी उभ्यानं जमायचं, आणि ज्याला काही अडचण असेल त्यानं ती मोकळेपणानं सांगायची. अडचण सांगितली की फळ्यावर त्याच्या नावासमोर लाल गोल लागायचा. नसेल तर हिरवा. मग फळ्याचा फोटो मुख्यालयाला जायचा. साहेबांना वाटायचं, यात लपवण्यासारखं काय आहे? लोकांना वाटायचं, आपलं नाव लाल होऊन समुद्रापार जाणार. पहिल्याच आठवड्यात आमचा कारखाना असा काही हिरवागार झाला की विचारू नका. मशीन खोलून पडलेलं असायचं आणि त्याच्या शेजारी उभा राहून माणूस अंगठा वर करून सांगायचा, "ऑल ओके."

आता, वाईट बातमी द्यायची आमच्याकडे एक रीत आहे. ती चारचौघांत, उभ्यानं देत नाहीत. केबिनमध्ये जायचं, दार लोटायचं. आधी घरची सगळी बरी आहेत ना ते विचारायचं. चहा येईस्तोवर थांबायचं आणि मग टेबलाकडे बघत म्हणायचं, "एक जरा झालंय." ह्या 'जरा'चा अर्थ मुरलेल्या साहेबाला बरोबर कळतो. यात लबाडी नसते. समोरच्याची चार माणसांत शोभा होऊ नये, त्याला सावरायला जागा मिळावी, एवढंच असतं. पण दारच नाही म्हटल्यावर ते 'जरा' सांगायचं कुठे?

अख्ख्या कारखान्यात आतून कडी असलेली एकच खोली उरली होती. हिरकणी कक्ष. तान्ह्या बाळांच्या आयांसाठी असते ती. एक दिवाण, एक खुर्ची, भिंतीवर बाळाला घेतलेल्या आईचं चित्र. नियमाची खोली असल्यानं साहेबांना तिच्या दाराला हात लावता आला नव्हता. असेंब्लीवरची एक मुलगी बाळंतपणाच्या रजेवर होती, ती परत येईपर्यंत खोली रिकामीच होती, आणि महिला समितीची प्रमुख म्हणून तिची किल्ली माझ्याकडे होती.

पहिल्यांदा टूलरूमचा एक जण आला, "ताई, जरा बोलायचं होतं" म्हणत इकडेतिकडे बघायला लागला. मी त्याला हिरकणीत नेलं. त्यानं कडी लावली आणि घडाघडा बोलला. दुसऱ्या दिवशी आणखी दोघे. मग रांगच लागली. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, या कंपनीतल्या पुरुषांना झालंय तरी काय! कडी लावून बाईमाणसाशी बोलण्यावरून कुणी वावगं बोललं नाही, कारण माझं वय आणि माझी जीभ दोन्ही सगळ्यांना ठाऊक. कुणाची मोटर जळाली, कुणाचा माल कमी आला, मला सगळं कळायचं आणि मी गुपचूप मार्गी लावायचे. मला त्यात भयंकर मजा येत होती, हे कशाला लपवू? कारखाना साहेबांच्या फळ्यावर हिरवा होता आणि माझ्या हिरकणीतून चालला होता.

अशात नवी लाइन यायचं ठरलं. विजेवरच्या नव्या गाडीसाठी कुलूप बनवायचं होतं, आणि ते काम एक तर आम्हाला मिळणार होतं किंवा पूर्व युरोपातल्या आमच्याच भावंड कारखान्याला. आम्हाला मिळालं तर आमच्याकडे बरीच नवी भरती होणार होती आणि कंत्राटावरची पुष्कळ पोरं कायम होणार होती. साहेबांना तर मुख्यालयातली मोठी जागा जवळपास नक्की होती. हा निकाल द्यायला जगभरातल्या आमच्या कारखान्यांच्या प्रमुख बाई स्वतः येणार होत्या. पहिला दिवस पाहणीचा, दुसरा दिवस त्यांच्यासमोर चाचणीचा. तारीख साहेबांनी दिली, बाईंनी विमानाची तिकिटं काढली. मग सकाळच्या सभेत साहेबांनी ती तारीख जाहीर केली आणि विचारलं, "कुणाला काही अडचण?" सगळे अंगठे वर गेले. सगळ्यांत उंच अंगठा नव्या लाइनच्या सुपरवायझरचा होता.

त्याच दुपारी तो सुपरवायझर हिरकणीत माझ्यासमोर मान खाली घालून बसला. शेजारच्याच गावचा, वयानं माझ्या बरोबरीचा, घरी शर्यतीची बैलजोडी राखून असलेला माणूस. "ताई, घरची बरी हायेत ना?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "सगळे ठणठणीत आहेत, तुम्ही बोला." तो म्हणाला, "एक जरा झालंय. चाचणीच्या दिवशी आमच्या गावची यात्रा हाय."

मी डोक्याला हात लावला. यात्रा म्हणजे फक्त त्याची रजा नव्हे. नव्या लाइनसाठी तयार केलेली बहुतेक माणसं त्या गावची. कामगारांच्या बसगाड्या त्या गावच्या, कँटीनचा ठेका त्या गावचा. त्या दिवशी लेकी माहेरी येतात, घरोघर पाहुणे असतात, शर्यतीच्या घाटात बैलगाडे पळतात. साहेबांनी तारीख देण्याआधी फोनमधल्या कॅलेंडरात बघितलं होतं, तिथे सुट्टीची काही खूण नव्हती. नसणारच. यात्रा तिथीवर असते आणि ती फोनला नाही, गावाला विचारायची असते. चिंचवडच्या सोसायटीत वाढलेल्या माणसाला हे सुचलं नाही आणि सुचवायला कुणी तोंड उघडलं नाही.

"मग अंगठा कशाला वर केलात?" मी चिडून विचारलं.

"तारीख देऊन बसले की वो ते! समद्यांम्होरं न्हाई म्हनलं तर त्यांची काय इज्जत ऱ्हाईल? फळ्यावं माजं नाव लाल झालं तं झालं, त्याचं कायबी न्हाई. पर मानूस चांगला हाय, ताई."

माणूस चांगला होता म्हणून शंभर टक्के खड्ड्यात जाणार होता. मी साहेबांकडे गेले आणि म्हटलं, "दोन मिनिटं एकट्यानं बोलायचंय." ते हसून म्हणाले, "इथेच बोला की, सगळ्यांसमोर. आपण पारदर्शक आहोत ना!" भोवती सगळे माना वर करून बघत होते. मग मी आवाज चढवून म्हटलं, "महिला समितीकडे तुमच्याबद्दल तक्रार आलीय. हिरकणीत चला." साहेबांचा चेहरा पांढरा पडला आणि ते निमूट माझ्या मागून आले. आत जाऊन मी कडी लावली. "तक्रार माझीच आहे," मी म्हटलं, "तुम्ही ऐकत नाही, ही." आणि यात्रेचं सगळं सांगितलं.

साहेब दिवाणावर बसले आणि समोरच्या चित्रातल्या बाळाकडे बघत राहिले. बाईंना कळवावं तर आपण न विचारता तारीख दिली हे कबूल करावं लागणार, मोठी जागा जाणार. न कळवावं तर त्या रिकाम्या लाइनसमोर उभ्या राहणार. मी म्हटलं, "आजच मेल टाका." ते म्हणाले, "थांबा, एक मार्ग आहे." दुसऱ्या दिवशी सभेत त्यांनी जाहीर केलं की त्या दिवशी येणाऱ्याला दुप्पट ओव्हरटाइम आणि वर बिर्याणी. "येणार ना सगळे?" त्यांनी विचारलं. "येणार!" असा गजर झाला. साहेबांनी माझ्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. मी सुपरवायझरकडे पाहिलं. तो बुटाच्या लेसकडे बघत होता.

त्या दुपारी मी दोघांनाही हिरकणीत घातलं. कडी लागल्यावर सुपरवायझर म्हणाला, "अहो, बिर्यानी आमी दुसऱ्या दिशी खाऊ. माजी बैलं त्या दिशी घाटात आसनार, आन मी बैलांसंगं." साहेबांनी विचारलं, "मग सभेत येणार म्हणून ओरडलात ते?" तो शांतपणे म्हणाला, "तुमी इतक्या हौसेनं इचारलं, अहो." साहेबांनी डोळे मिटून घेतले. त्यांची कीव आली मला, आणि हसूही आवरेना.

तरी मेल गेलाच नाही. रोज लिहायचे, रोज पुसायचे. शेवटी त्यांनी ठरवलं की बाई आल्या की पहिल्याच दिवशी, एकांतात, समोरासमोर सांगायचं. एकांत म्हणजे कुठे, हे मला वेगळं सांगावं लागलं नाही.

बाई आल्या. उंच, पांढऱ्या केसांच्या, शॉप फ्लोअरवर घालायचे जाड बूट स्वतःचे घेऊन आलेल्या. दुपारचं जेवण झाल्यावर साहेबांनी त्यांना विचारलं, जरा बाजूला बोलायचं आहे, चालेल का? आणि आम्ही तिघं हिरकणीत गेलो. मला साहेबांनीच सोबत घेतलं, बहुतेक धीर म्हणून. बाई दिवाणावर, साहेब खुर्चीवर, मी वॉशबेसिनला टेकून. साहेबांनी आधी हवेचा विषय काढला. मग बाईंच्या प्रवासाचा. मग त्यांच्या घरचे कसे आहेत ते विचारलं. मला कळलं की आता 'जरा' येणार. "एक छोटीशी गोष्ट आहे," साहेब म्हणाले, आणि दारावर थाप पडली.

मी कडी काढली. असेंब्लीवरची ती मुलगी त्याच आठवड्यात रजेवरून परत आली होती. मागे तिची सासू उभी होती आणि सासूच्या खांद्यावर बाळ टाहो फोडत होतं. "मॅडम, ह्याला भूक लागलीय," मुलगी ओशाळून म्हणाली. मी काही बोलायच्या आत बाई उठल्या. "खोली तिची आहे," एवढंच म्हणाल्या आणि ताडताड बाहेर पडल्या. मागोमाग आम्ही. आमच्या तोंडावर आतून कडी लागली. खट्.

हिरकणीचं दार उघडतं ते थेट लाइनवर. जेवणाची सुट्टी संपून सगळे जागेवर आलेले. त्यांनी परदेशी बाई, साहेब आणि मी अशी वरात हिरकणीतून निघताना पाहिली. कुणाच्या तोंडून 'आयला' निघालं ते मी ऐकलं, पण सांगत नाही. बाई मधोमध थांबल्या. "हं, तुम्ही काहीतरी सांगत होतात," त्या म्हणाल्या. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार? कारखान्यातली एकुलती एक कडी एका भुकेल्या बाळाच्या ताब्यात होती.

साहेब हळू आवाजात बोलू लागले. "ऐकू येत नाही," बाई म्हणाल्या. कुणीतरी कन्व्हेयर बंद केला. मग दुसरा, तिसरा. सगळं शांत झालं आणि त्या शांततेत साहेबांचा आवाज पार टोकापर्यंत गेला. "उद्याची चाचणी होणार नाही. उद्या इथल्या गावाची यात्रा आहे. तारीख मी चुकीची दिली. कुणालाही न विचारता दिली. आणि चूक कळल्यावर तुम्हाला सांगायला घाबरलो." ते इंग्रजीत बोलत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावरून सगळ्यांना सगळं कळत होतं. इतके महिने ज्या माणसाची मी टर उडवत होते, त्याचा मला एकदम फार अभिमान वाटला. भिंती पाडून जे झालं नव्हतं ते आता झालं होतं, आणि ते बघवत नव्हतं.

"साहेब, थांबा."

सुपरवायझर पुढे आला होता. कित्येक महिन्यांत त्या शॉप फ्लोअरवर 'साहेब' हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. साहेबांनी त्याला दुरुस्त केलं नाही.

"ताई, बाईंला सांगा," तो म्हणाला, "चूक एकल्या साहेबांची न्हाई. यात्रा कवा हाय ते आमाला समद्यांला ठावं व्हतं. ह्यांनी इचारलं तवा आमी आंगठं वर केलं. आमी बोललो न्हाई."

मी भाषांतर केलं. बाई भिंतीवरच्या फळ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. वरपासून खालपर्यंत हिरवा. "मी रोज सकाळी असे फळे बघते," त्या म्हणाल्या. "आमच्या सगळ्याच देशांतले. सगळे असेच असतात." मग वळून विचारलं, "मग खरं काय चाललंय ते मला सांगतं कोण?" बिचारीला तिच्या एवढ्या मोठ्या मुख्यालयात कडी असलेली एकही खोली नसावी.

"चाचणी केव्हा करू शकता?" त्यांनी थेट सुपरवायझरला विचारलं. तो म्हणाला, यात्रा उरकली की गुरुवारी. गुरुवार म्हणजे आमच्याकडचा साप्ताहिक सुट्टीचा दिवस, पण सगळे येतील. यावेळी कुणी अंगठा वर केला नाही, गजरही झाला नाही. नुसत्या माना हलल्या आणि माझी खात्री पटली की हे येणार. बाईंचं विमान त्याआधीचं होतं. "मी नसेन," त्या म्हणाल्या. "जे होईल ते कळवा. हिरवं नको."

गुरुवारी सगळे आले. सुपरवायझरच्या कपाळाला भंडारा तसाच होता. चाचणी दोनदा अडखळली आणि तिसऱ्यांदा नीट झाली. साहेबांनी तिन्ही वेळचं कळवलं. पुढे लाइन चाकणला आली, पोरं कायम झाली, पेढे वाटले गेले. मुख्यालयातली मोठी जागा मात्र पूर्व युरोपातल्या कारखान्याच्या प्रमुखाला मिळाली. ठरवणारी समिती वेगळी होती, आणि त्याच्या फळ्यावर म्हणे वर्षभरात एकही लाल गोल नव्हता. हे मला अजून खुपतं.

माझा दरबार बंद पडला. हिरकणीत आता ती मुलगी जाते, आणि दारावर मी स्वतः पाटी लावली आहे की पुरुषांनी इथे घुटमळू नये. साहेबांच्या केबिनचं दार अजून भिंतीला टेकवलेलंच आहे. ते बसवू का, असं त्यांनी मला एकदा विचारलं. मी म्हटलं, "अहो, असू द्या." मी एकटीच त्यांना अजून मुद्दाम 'अहो' म्हणते.

फळाही आहे. फक्त आता रोज सकाळी पहिला लाल गोल साहेब स्वतःच्या नावासमोर लावतात आणि काय चुकलं ते सांगतात. कधी गंभीर असतं, कधी उगाचच काहीतरी. त्यानंतरच ते विचारतात, "कुणाला काही अडचण?" पुष्कळ दिवस लोक इकडेतिकडे बघायचे. यंदा संक्रांत नुकतीच झाली होती तेव्हा एका सकाळी सुपरवायझरनं सगळ्यांसमोर हात वर केला. अंगठा नव्हे, हात.

"साहेब, मला अडचन हाय. आवंदाच्या यात्रेची तारीख आत्ताच सांगून ठेवतो."

साहेबांनी त्याच्या नावासमोर लाल गोल लावला, खिशातून फोन काढला आणि म्हणाले, "सांगा."